माणूस ओळखीचा, चेहरा मात्र नाही

"मॅडम, मला माणसांची पर्वाच नसावी. नाहीतर इतकी वर्षं शेजारच्या टेबलावर बसणारी मैत्रीण मला ओळखू आली नसती का?"

सल्ल्यासाठी माझ्याकडे आलेल्या पस्तिशीतल्या या बाई (तपशील बदलले आहेत) ऑफिसात शिष्ट म्हणून प्रसिद्ध. मैत्रिणीने केस कापले, लिफ्टमध्ये समोर आली, आणि यांनी परक्या माणसाकडे बघावं तसं बघून मान वळवली. तेव्हापासून अबोला. "तुझं लक्षच नसतं," हे घरच्यांचं नेहमीचं वाक्य आता त्यांनाही पटलं होतं. डोळे तपासून झाले होते, नजर उत्तम.

सिनेमात हिरोने कपडे बदलले की नवीन पात्र आलंसं वाटतं, हे त्यांनी हसत सांगितलं. पण फोनवर नुसतं "हॅलो" ऐकलं तरी माणूस क्षणात ओळखतात. म्हणजे आठवण शाबूत होती. पुढच्या भेटीला मी केस मोकळे सोडून, चष्म्याविना बाहेर आले. त्यांनी माझ्याकडे बघून सौजन्याने हसून पुन्हा मासिकात डोकं घातलं. "या आत," मी म्हणाले, तेव्हा कुठे त्यांचा चेहरा उजळला.

न्यूरोसायकॉलॉजिस्टकडच्या (मेंदू आणि वागणं यांचा संबंध तपासणारे तज्ज्ञ) चाचण्यांतून निदान झालं: जन्मापासूनचं चेहरा-अंधत्व, म्हणजे प्रोसोपॅग्नोसिया. हे नाव 1947 साली जर्मन मेंदूतज्ज्ञ योआखिम बोडामर यांनी मेंदूला इजा झालेल्या रुग्णांवरून दिलं. जन्मजात प्रकारात अशी इजा नसते आणि तो पुष्कळदा घराण्यात चालतो. बाईंना लगेच वडील आठवले. भेटेल त्याला "काय, बरंय ना?" म्हणून ते वेळ मारून नेत! (मोठेपणी अचानक चेहरे ओळखेनासे झाले तर मात्र थेट डॉक्टर गाठायचा.)

मेंदूच्या मागच्या-खालच्या बाजूला, विशेषतः उजवीकडे, चेहऱ्यांना जोरात प्रतिसाद देणारा एक भाग असतो. मेंदू-संशोधक नॅन्सी कॅनविशर आणि सहकाऱ्यांनी 1997 साली त्याला फ्यूझिफॉर्म फेस एरिया म्हटलं. जन्मजात चेहरा-अंधत्व असलेल्या अनेकांत हा भाग स्कॅनवर काम करताना दिसतो. पण तिथून कानशिलाच्या भागाच्या पुढच्या टोकाकडे, जिथे चेहऱ्याला नाव आणि आठवणी जोडल्या जातात, तिकडे जाणारे दुवे कच्चे असल्याचं काही अभ्यासांत आढळलंय. शिवाय आपण डोळे-नाक-ओठ एका दमात टिपतो, चेहरा-अंधत्व असलेले बरेच जण तुकड्यातुकड्याने बघतात. हावभाव मात्र अनेकांना नीट वाचता येतात. समोरचा चिडलाय हे बाईंना कळतं, कोण चिडलाय ते कळत नाही.

आणखी एक गोष्ट मी मुद्दाम सांगितली. काहींच्या मेंदूलहरींत परिचित चेहऱ्याला ओळखीचा प्रतिसाद उमटतो, पण तो जाणिवेपर्यंत पोचत नाही. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आत कुठेतरी ती माझीच असेल."

औषध नाही. सरावाने थोडाफार फरक पडतो, फार आशा लावू नये. माझ्या मते खरा उपाय सांगून टाकण्याचा. "लोक म्हणतील, नवी सबब काढली," म्हणून त्या आठवडाभर अडल्या. अखेर मैत्रिणीला सांगितलं.

"मग माझा फोटो दाखवला तर?"

"नाही ओळखणार. पण जिन्यात तुझी पावलं वाजली की कळतं, तू आलीस."

मैत्रीण आता भेटली की आधी आपलं नाव सांगते. साहेबांना अजून काही सांगितलेलं नाही. त्यांच्या मिशा आहेत तोवर अडत नाही, म्हणाल्या.