मूड आला की उठेन

"मॅडम, एक दिवस वाईट गेला की पुढचे दोन-तीन दिवस मी त्यातच असते. मला डिप्रेशन तर नाही ना?"

हा प्रश्न मला वरचेवर ऐकायला मिळतो. या वेळी विचारणारी डोंबिवलीची, चाळिशीला आलेली, बँकेत नोकरी करणारी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

आधी शंकेबद्दल. उदासी किंवा कशातच रस न वाटणं दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ राहिलं, झोप-भूक बिघडली, कामं अडायला लागली, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. जीव नकोसा वाटत असेल तर दोन आठवडेही थांबू नये. सरकारची 'टेली मानस' हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

हिचं तसं नव्हतं. लोकल चुकायची, काउंटरवर कुणीतरी आवाज चढवायचं, आणि संध्याकाळी घरी आल्या आल्या ती मोबाइल घेऊन आडवी व्हायची. "जरा बरं वाटलं की उठते," म्हणता म्हणता दोन तास जायचे. मग जेवण बाहेरून, त्याची टोचणी, आणि रात्री डोळ्याला डोळा नाही.

मी तिला आठवडाभर वही ठेवायला लावली. कोणत्या तासाला काय केलं आणि तेव्हा मनाला किती गुण, शून्य ते दहा. पडून काढलेल्या तासांना दोन-तीन. एका संध्याकाळी सासूबाईंबरोबर मेथी निवडत बसली होती, तिथे चक्क सहा.

"मेथी निवडून कुणाला बरं वाटतं का हो?"

मेथीत काही नाही. हात गुंतले, शेजारी माणूस होतं आणि हातातलं काम संपलेलं डोळ्यांना दिसलं. पीटर लुइनसोन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात हेच मांडलं: उदास माणूस आवडीच्या गोष्टी सोडतो, त्या सुटल्या की आणखी उदास होतो. म्हणून आधी कृती. मन मागून येतं. 'पॉझिटिव्ह विचार कर' हा सल्ला मी देत नाही. वाईट दिवशी विचारांशी कुस्ती खेळण्याइतकी ताकदच नसते.

त्या दिवशी काय करावं हेही सुचत नाही, म्हणून यादी चांगल्या दिवशी करून फ्रिजवर लावायची. तिची पहिली यादी वाचून मी ती परत केली. कपाट आवरणं, डबे घासणं, इस्त्री! बायकांच्या याद्या हमखास अशा होतात. निम्म्या गोष्टी घराच्या उपयोगाच्या नकोत, असं ठरवलं. मग आलं: स्टेशनवरून रिक्षा न करता चालत येणं, आल्यावर लगेच अंघोळ, कुंड्यांना पाणी, मावसबहिणीला फोन, पण ऑफिसचं रडगाणं पहिली दहा मिनिटं बंद. संध्याकाळचा तिसरा चहा मी खोडला. तो झोप खात होता. मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला.

महिनाअखेरीला कॅशचा हिशोब जुळेना, सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. त्या दिवशी ती चालत आली, अंघोळ केली, बाकी यादी राहिली. वहीत तीनवरून पाच.

"पाचच झाले, मॅडम," तिची तक्रार.

मी विचारलं, रात्री काय जेवलात? "पिठलं-भात. घरीच केला." झोप? "लागली की."