मल्टी ऑर्गन फेल्युअर म्हणजे किडनी जन्माची गेली असं नव्हे

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आई ५८ वर्षांच्या, शुगर जुनी. तीन दिवस थंडी वाजून ताप आणि पाठीत कळ. अंबडला सलाइन लावून बघितलं, बीपी उतरला म्हणून संभाजीनगरच्या आयसीयूत आणलं. आता डॉक्टर मल्टी ऑर्गन फेल्युअर, म्हणजे एकाच वेळी अनेक अवयव काम करेनासे झालेत, असं म्हणतात आणि डायलिसिससाठी सही मागतात. मामा म्हणतात, एकदा मशीनवर चढवलं की जन्माचं झालं, त्यापेक्षा घरी नेऊ.

मी २४ वर्षं मराठवाड्यातल्या आयसीयूत सिस्टर होते. माझं मत आधीच सांगते: सही द्या. फक्त त्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न विचारा. तो पुढं येतोच.

आईला पाच आजार झालेले नाहीत. तुम्ही लिहिलंय त्यावरून आजार एकच दिसतो, लघवीच्या मार्गातलं इन्फेक्शन अंगभर भिनलंय. त्याला सेप्सिस म्हणतात. जंतूंशी लढताना शरीराचाच तोल सुटतो, रक्तवाहिन्या सैल पडतात आणि झिरपायला लागतात. आपल्याकडच्या माणसाला हे कालव्यावरून लगेच कळतं. पाट फुटला, की वरून कितीही पाणी सोडा, टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या, शेतकऱ्याचं वावर कोरडंच राहतं. किडनी, लिव्हर, मेंदू यांचं तसंच होतं. आणि फुटलेल्या पाटाचं पाणी जसं भलत्या रानात साचतं, तसं आईच्या हातापायांवर सूज दिसते. “अंग सुजलंय तरी सलाइन का देता?” असं नातेवाईक रोज विचारायचे. पाणी अंगात असतं, पण रक्तवाहिनीत नसतं. म्हणून सुरुवातीला सलाइन आणि त्यासोबत बीपी धरून ठेवायला नॉरअॅड्रेनालिनचा पंप लागतो.

आता तो प्रश्न. “पू कुठं अडकलाय का, आणि असेल तर तो बाहेर काढला का?” आपल्या भागात मुतखडा घरोघरी. खड्यानं वाट बुजली, वर पू साठला, की नुसत्या अँटिबायोटिकनं भागत नाही. पैठणकडच्या एक बाई माझ्या डोळ्यांसमोर आहेत. दोन दिवस नॉरअॅडचा डोस चढतच होता. सोनोग्राफीत किडनी फुगलेली दिसली, रात्रीच पाठीतून नळी टाकली, पिशवीत पिवळाजर्द पू आला. सकाळपर्यंत डोस निम्म्यावर. त्यांना डायलिसिस मात्र पुढं तीन आठवडे लागलं, आणि मग एके दिवशी लघवी सुरू झाली. ती लघवीची पिशवी बघायला ड्यूटी संपलेल्या सिस्टर पोरीसुद्धा थांबल्या होत्या.

फेल झाली म्हणजे मेली, असा अर्थ आपण लावतो. सेप्सिसमध्ये किडनीच्या बऱ्याचशा पेशी जिवंत असतात, काम थांबवून बसलेल्या असतात. मधल्या काळात रक्तातलं पोटॅशियम चढलं तर हृदय थांबू शकतं, आम्ल वाढतं, फुप्फुसात पाणी भरतं. तेवढा काळ डायलिसिस निभावून नेतं. डायलिसिसनं किडनी बंद पडत नाही, मामांना हे नीट सांगा. बीपी कमी असताना नेहमीचं चार तासांचं न करता ते सावकाश, जास्त तास चालवतात, तेव्हा वेळ लागला तर घाबरू नका. शुगर जुनी असल्यानं किडनी पूर्ण सावरेलच असं मी म्हणणार नाही, काहींची अर्धवट राहते. पण तीन महिने जाईपर्यंत कायमची गेली असं कुणी म्हणू नये.

“आज कसं आहे?” असं विचारलं की “सिरियस आहे” हेच उत्तर मिळतं. त्यापेक्षा आकडे विचारा. नॉरअॅड कालपेक्षा कमी की जास्त? लॅक्टेट (अवयवांना रक्त कमी पडलं की रक्तात वाढणारं आम्ल) किती? ऑक्सिजन किती टक्क्यांवर? तासाला लघवी किती? ६० किलोच्या माणसाला निदान ३० मिली हवी. डॉक्टर स्वतः सोफा नावाचा स्कोअर मांडतात. श्वास, रक्त गोठणं, लिव्हर, बीपी, मेंदू, किडनी, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण २४. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा दोन-तीन दिवसांत तो कुठं चाललाय ते महत्त्वाचं. सहसा बीपी आधी सुधारतो, किडनी मागं राहते, डोळ्यांचा पिवळेपणा तर फारच उशिरा जातो.

पू निघूनही तीन-चार दिवस डोस चढतच राहिला, लॅक्टेट वाढतच राहिलं, तर डॉक्टरांसोबत बसून मोकळं बोला. तेव्हा उपचार थांबवायचं ठरवणं हा वेगळा निर्णय. आज मामांच्या भीतीपोटी डामा घेऊन, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सुट्टी घेऊन, नेणं वेगळं. बीपीचा पंप काढून अंबडपर्यंतचा रस्ता आईला झेपणार नाही.

आई भलतंसलतं बोलत असतील, तुम्हाला ओळखत नसतील, तर ती बाहेरची बाधा नाही. आयसीयूत असा भ्रम फार जणांना होतो. चष्मा घाला, हात धरा, वार-वेळ सांगा, घरच्या म्हशीचं-वासराचं बोला.

पैशांचं आजच बघा. हॉस्पिटल महात्मा फुले योजनेत असेल तर तिथं योजनेचा माणूस, आरोग्यमित्र, बसतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन भेटा. योजनेत नसेल आणि खर्च झेपत नसेल, तर डॉक्टरांनाच म्हणा, घाटीत, म्हणजे संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात, बेड आहे का बोलून बघा आणि पंप-ऑक्सिजनसकट १०८ च्या अँब्युलन्सनं पाठवा.

उद्या राउंड झाला की लघवी, लॅक्टेट आणि नॉरअॅडचा डोस इथं लिहा, आणि सोनोग्राफीत काय आलं तेही. मी बघते.