आतड्यात एंजिओडिस्प्लेजिया निघालाय, वडिलांचं आतडं कापावंच लागेल का?

तुम्ही लिहिलंय की वडील ७२ वर्षांचे, सहा महिन्यांत दोनदा संडासवाटे रक्त गेलं, हिमोग्लोबिन ७ वर आलं, कोलोनोस्कोपीत (मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीत) उजव्या बाजूला एंजिओडिस्प्लेजिया सांगितला आणि एका डॉक्टरांनी ऑपरेशन करून टाका म्हटलं. मी पोटाचा सर्जन आहे, म्हणजे कापण्यावरच माझं घर चालतं, तरी सांगतो, रक्त आत्ता थांबलेलं असेल तर कापायची घाई नको.

हा कॅन्सर नाही. मोठ्या आतड्याच्या अस्तराखालच्या बारीक शिरा वयोमानाने फुगून वेड्यावाकड्या होतात, एवढंच. उजवीकडेच जास्त का, तर सीकम, म्हणजे मोठ्या आतड्याची सुरुवात, हा आतड्याचा सगळ्यात रुंद भाग, तिथे भिंतीवर ताण जास्त, स्नायूतून जाणाऱ्या शिरा वर्षानुवर्षं चिमटत राहतात आणि मागे रक्त तुंबतं. बोली नावाच्या सर्जनने १९७७ मध्ये हे मांडलं, आम्हीही तेच शिकलो. चट्टा सहसा एक सेंटीमीटरच्याही आतला, लालचुटूक, नेच्याच्या पानासारखा पसरलेला, आणि बऱ्याचदा एकापेक्षा जास्त असतात. दहातल्या नऊ वेळा रक्त आपोआप थांबतं, पण पुन्हा येऊ शकतं, खरी कटकट तीच आहे.

आता मुद्द्याचं. आतडं बाहेरून बघितलं ना, तर काहीच कळत नाही. हाताला गाठ लागत नाही, रंग बदललेला नसतो. मी रेसिडेंट असताना एका आजोबांना धो धो रक्त जात होतं, नेमकी जागा सापडेना, डाव्या बाजूला डायव्हर्टिक्युला (आतड्याच्या भिंतीला आलेले छोटे फुगे, त्यांतूनही रक्त जातं) होते म्हणून सरांनी डावं आतडं काढलं आणि तिसऱ्या दिवशी रात्री आजोबांचं बेडपॅन परत लाल. रक्त उजवीकडून येत होतं. तेव्हापासून माझा नियम एकच, आधी जागा सापडली पाहिजे, मग सुरी.

जागा शोधायलाही डोकं लागतं. पेशंटचं रक्त खूप कमी झालेलं असेल, बीपी पडलेलं असेल तर चट्टे फिके पडून दिसतच नाहीत, म्हणून आधी रक्ताच्या बाटल्या द्या आणि मग आतडं नीट साफ करून दुर्बीण घाला. शिवाय दुर्बिणीचं टोक घासून किंवा सक्शनने ओढून जे लाल डाग पडतात ते हुबेहूब असेच दिसतात, त्यामुळे आत जाताना बघितलेलं जास्त खरं. रक्त चालू असेल तर सीटी एंजिओग्राफी, म्हणजे शिरेत औषध सोडून काढलेला रक्तवाहिन्यांचा स्कॅन, मिनिटाला साधारण अर्धा मिली गळत असलं तरी जागा दाखवते. आणि नुसता चट्टा दिसला म्हणजे रक्त तिथूनच गेलं असंही नाही, त्यामुळे वडिलांची वरची एंडोस्कोपी (तोंडातून घातलेली जठराची दुर्बीण) झालीय का ते विचारा.

उपचाराची सुरुवात दुर्बिणीतूनच, आर्गॉन वायू आणि विजेच्या ठिणगीने चट्टा जाळतात. सीकमची भिंत पातळ असते, भोक पडू शकतं, म्हणून पॉवर कमी ठेवावी लागते, हात बसलेला माणूस बघा. रक्त धो धो असेल तर मांडीतून कॅथेटर घालून तेवढी बारीक धमनी बंद करता येते.

आणि हो, छातीला स्टेथोस्कोप लावला का कोणी? गंमत नाही करत. हृदयाची एओर्टिक झडप अरुंद झाली असेल तर रक्त त्यातून जोराने घुसताना गोठायला लागणारं एक प्रोटीन तुटतं आणि असले चट्टे जास्त वाहतात. हाइड नावाच्या डॉक्टरने १९५८ मध्ये ही जोडी नोंदवली. माझ्याकडे एक रिटायर्ड एसटी कंडक्टर काका यायचे, मूळव्याध समजून दोन वर्षं चूर्ण खात होते, दर दोन-तीन महिन्यांनी बाटली लावायची. त्यांच्या छातीत मर्मर, म्हणजे झडपेचा जादा आवाज, ऐकू आला, इको (हृदयाची सोनोग्राफी) केला, झडप बदलली आणि रक्त जायचं थांबलं, आतड्याला हातही लावला नाही आम्ही. वडील एस्पिरिन किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असतील तर तेही सांगा, पण परस्पर बंद करू नका.

ऑपरेशन कधी, तर जाळूनही परत परत रक्त जातंय, बाटल्या थांबत नाहीत, किंवा जीवावर बेतलंय, आणि जागा पक्की आहे. मग राइट हेमिकोलेक्टॉमी, म्हणजे सीकमपासून आडव्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंतचा भाग काढून लहान आतडं उरलेल्याला जोडायचं, हल्ली बहुतेक लॅप्रोस्कोपीने. संडाससाठी पोटावर पिशवी सहसा लागत नाही. काही आठवडे संडास पातळ होते. धोका जोड लीक होण्याचा, तो ७२ व्या वर्षी हलक्यात घेऊ नका.

एक आधीच सांगून ठेवतो, कापलेला तुकडा लॅबला जातो आणि कधीकधी रिपोर्ट येतो की रक्तवाहिन्यांत विशेष काही नाही. नातेवाईक माझ्यावर धावून आलेत यावरून. आतडं बाहेर काढलं की त्या शिरा रिकाम्या होऊन चपट्या पडतात, साध्या कापात दिसत नाहीत. म्हणून ऑपरेशन ठरलंच तर दुर्बिणीत दिसलेल्या चट्ट्याचा फोटो फाइलला लावून घ्या आणि तो लॅबवाल्यांनाही दाखवा.