रोज तीन मिनिटांचे डाव खेळल्याने बुद्धिबळ सुधारतं की बिघडतं?

तुम्ही लिहिलंय की दीड वर्षापासून रोज रात्री पंधरा-वीस ब्लिट्झ डाव खेळता, तीन-तीन मिनिटांचे, आणि रेटिंग, म्हणजे खेळाची ताकद दाखवणारा आकडा, 1200 च्या पुढे सरकत नाही. एक मित्र सांगतो, ब्लिट्झ सोड, त्याने खेळ बिघडतो. दुसरा म्हणतो, ग्रँडमास्टर तेच खेळून मोठे झाले. खरं कोणाचं?

माझं मत आधी सांगते. तुम्ही सध्या ज्या पद्धतीने खेळताय त्याने नुकसान होतंय. मात्र दोष वेगाचा नाही. तीन मिनिटांच्या डावात चुकीची खेळीसुद्धा जिंकून देते, तिथे गोम आहे. तुम्ही चुकता, ती चूक पाहायला समोरच्याकडे वेळ नसतो, मग तोही चुकतो किंवा त्याचं घड्याळ संपतं, आणि गुण तुम्हाला मिळतात. लगेच पुढचा डाव सुरू. ती खेळी वाईट होती हे तुम्हाला कोणीच सांगितलेलं नसतं. उलट मनाने तिच्यावर ‘चालते’ असा शिक्का मारून ठेवलेला असतो. पुढच्या वेळी तीच खेळी आणखी लवकर सुचते.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. मी बडोद्याची, दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात दर रविवारी सात-आठ मुलांना बुद्धिबळ शिकवते. 2020 मध्ये टाळेबंदी लागली, मुलं येणं बंद झालं, स्पर्धाही थांबल्या, तेव्हा मी ऑनलाइन ब्लिट्झ खेळू लागले. दोन वर्षांत काही हजार डाव झाले. ब्लिट्झचं रेटिंग 1500 वरून 1800 वर गेलं. आपला खेळ सुधारलाय याबद्दल मला जराही शंका नव्हती.

2022 मध्ये एका खुल्या स्पर्धेत उतरले. प्रत्येकाला 90 मिनिटं आणि दर खेळीला 30 सेकंद जादा. चौथ्या फेरीत हत्तीचं एंडिंग आलं, म्हणजे थोडीच मोहरी उरलेला डावाचा शेवटचा टप्पा. दोघांकडे एकेक हत्ती, समोरच्या मुलाकडे एक प्यादं जास्त, तेही मधलं, पाचव्या ओळीपर्यंत आलेलं. माझा राजा त्या प्याद्याच्या वाटेत उभा होता. हा डाव बरोबरीत सुटतो. कसा सोडवायचा ते फिलिडॉर या फ्रेंच खेळाडूने अठराव्या शतकातच दाखवून ठेवलंय. आपला हत्ती प्याद्याच्या पुढच्या, म्हणजे सहाव्या ओळीवर आडवा धरायचा, मग त्याच्या राजाला पुढे येता येत नाही. त्याने प्यादं सहाव्या ओळीवर ढकललं की त्याच क्षणी हत्ती पटाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि मागून शह देत सुटायचं. प्यादं पुढे गेल्यामुळे राजाला त्याच्याआड लपायला जागा राहिलेली नसते. एवढंच.

हे मी स्वतः मुलांना शिकवलेलं होतं. तरी त्या दिवशी मी हत्ती मागे घेऊन राजाच्या ओळीत ठेवला, मात होऊ नये म्हणून. कडेच्या प्याद्यासमोर हे कधीकधी चालतं, मधल्या प्याद्यासमोर हरतं. हरले. माझ्या घड्याळात तेव्हा 41 मिनिटं शिल्लक होती आणि ती खेळी मी पाच-सहा सेकंदांत केली होती. हा आकडा मला त्या हरण्यापेक्षा जास्त टोचला.

घरी येऊन माझे सगळे ऑनलाइन डाव उतरवून घेतले आणि त्यांतून हत्तीची एंडिंग्ज वेगळी काढली. डझनभर डावांत मी हत्ती असाच मागे घेतलेला सापडला. त्यांतले हरले होते दोनच. बाकी ठिकाणी समोरच्याला जिंकायची रीत माहीत नव्हती, किंवा माहीत असूनही त्याच्याकडे आठ-दहा सेकंदच उरले होते. म्हणजे डझनातल्या दहा वेळा चुकीच्या खेळीबद्दल मला बक्षीस मिळालं होतं. स्पर्धेत हात तिकडेच गेला यात नवल नाही.

माझी आई सूरसागरासमोरच्या गायनशाळेत शिकली. सयाजीरावांनी 1886 मध्ये सुरू केलेली ती शाळा आता विद्यापीठाचा भाग आहे. मी हे सगळं जेवताना सांगत होते तेव्हा ती म्हणाली, ‘‘आमचे गुरुजी विलंबितात जागा स्वच्छ येईपर्यंत द्रुताला हात लावू द्यायचे नाहीत. द्रुतात चुकलेला सूर कानाला कळत नाही, पण गळ्यात बसतो.’’ आईला बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नाही, पण माझं दुखणं तिने नेमकं ओळखलं.

आता तुमच्या दुसऱ्या मित्राचं म्हणणं. तेही खोटं नाही. विश्वनाथन आनंद लहानपणी मद्रासच्या ताल चेस क्लबमध्ये तासन्‌तास ब्लिट्झ खेळायचा. ज्याच्या नावाचा तो क्लब, त्या माजी विश्वविजेत्या मिखाईल तालने वयाच्या 51 व्या वर्षी, 1988 मध्ये कॅनडातल्या सेंट जॉनला जागतिक ब्लिट्झ स्पर्धा जिंकली, आणि त्या स्पर्धेत कास्पारोव्ह आणि कार्पोव्ह दोघेही होते. 1970 मध्ये युगोस्लाव्हियातल्या हेर्त्सेग नोव्हीच्या ब्लिट्झ स्पर्धेत बॉबी फिशरने 22 पैकी 19 गुण केले, दुसऱ्या आलेल्या तालपेक्षा तब्बल साडेचार जास्त. पण या सगळ्यांच्या डोक्यात ब्लिट्झला बसण्याआधीच हजारो स्थिती नीट समजून साठवलेल्या होत्या. घाईत ते त्या साठ्यातून काढत होते. तुमच्या-माझ्या साठ्यात काय आहे, हा खरा प्रश्न.

यावर संशोधनही झालंय. 2004 मध्ये ब्रूस बर्न्स या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की खेळाडूंच्या ताकदीतला 81 टक्क्यांपर्यंतचा फरक त्यांच्या ब्लिट्झच्या निकालांतूनच दिसून येतो. हे वाचून ब्लिट्झवाले खूश होतात. पण ताकद ब्लिट्झमध्ये दिसते याचा अर्थ ती ब्लिट्झमुळे आली असा होत नाही. ताप थर्मामीटरवर दिसतो, थर्मामीटरने येत नाही. ताकद कशाने येते याबद्दल नील चार्नेस आणि त्याच्या सहकाऱ्यांचं 2005 चं काम जास्त उपयोगी आहे. एकट्याने बसून केलेला गंभीर अभ्यास हाच रेटिंगशी सर्वांत घट्ट जोडलेला निघाला.

आणि ओळखीच्या खेळीवर विसंबल्याने काय होतं त्याचं उदाहरण आनंदच्याच कारकिर्दीत आहे. 1988 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बीलला कोलंबियाच्या साप्‍पाटाविरुद्ध पेट्रोव्ह बचाव या ओपनिंगमध्ये (डावाच्या ठरलेल्या सुरुवातीत) त्याने पाचव्या खेळीला उंट बाहेर काढला. आदल्या वर्षी माइल्स आणि ख्रिस्तियानसेन यांच्या डावात ही खेळी झाली होती आणि तो डाव बरोबरीत सुटला होता. पण त्या डावात माइल्सने जी खेळी केली नाही ती साप्‍पाटाने केली: वजीर राजासमोर आणून ठेवला. आनंदचा मधला घोडा खिळला गेला, म्हणजे तो हलला तर मागचा राजा उघडा पडणार. प्यादं पुढे करून त्याला आधार द्यावा तर पांढऱ्याचं प्यादं त्याच्यावर चालून येतं, वजिराने आधार द्यावा तर पांढऱ्याचा घोडा उडी मारून वजिरावरच येतो. सहाव्या खेळीला राजीनामा. तो तेव्हा 18 वर्षांचा होता आणि आदल्याच वर्षी ज्युनियर विश्वविजेता झाला होता. दुसऱ्या कोणाच्या डावात निभावून गेलेली चूक आपल्याही डावात निभावेल, हा भरवसा इतक्या मोठ्या खेळाडूलाही महाग पडला. तुमच्या वीस डावांत असे किती भरवसे तयार होत असतील?

थोडा हिशेब करून पाहा. तीन मिनिटांत 40 खेळ्या करायच्या तर एका खेळीला साडेचार सेकंद येतात. 90 मिनिटं आणि 30 सेकंदांच्या डावात तेवढ्याच खेळ्यांना प्रत्येकी पावणेतीन मिनिटं मिळतात. पावणेतीन मिनिटांत तुम्ही स्वतःला एक प्रश्न विचारू शकता. माझे आजोबा आमच्या ओटीवर देशी बुद्धिबळ खेळायचे, त्यात प्यादं एका वेळी एकच घर सरकतं आणि डाव संध्याकाळभर चालतो. मला शिकवताना त्यांचा एक नियम होता. त्यांनी खेळी केली की मोहऱ्याला हात लावण्याआधी मी मोठ्याने सांगायचं, ‘आजोबांनी हे का खेळलं’. उत्तर चुकलं तर ते पुन्हा बघायला लावायचे. रविवारच्या मुलांना मी आता हेच करायला लावते. साडेचार सेकंदांत हा प्रश्न मनात येईपर्यंतच वेळ संपतो, आणि 1200 च्या आसपासचे बहुतेक डाव हा प्रश्न न विचारल्यानेच हरले जातात: घोडा फुकट, हत्ती फुकट, एका खेळीतली मात.

म्हणून ब्लिट्झ पूर्ण बंद करा असं मी म्हणणार नाही. घड्याळ सांभाळणं हेसुद्धा कसब आहे. 2025 च्या महिला विश्वचषकात बाटुमीला आपली नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी यांच्या अंतिम लढतीतले दोन्ही मोठे डाव बरोबरीत सुटले, आणि विजेती ठरली ती रॅपिड, म्हणजे कमी वेळाच्या डावांवर. नवीन ओपनिंग शिकलात तर दहा-बारा ब्लिट्झ डावांत त्यातले ठरावीक सापळे पटापट समोर येतात, तेही कामाचं आहे. पण दुसऱ्या बाजूला गुकेश बघा. 18 व्या वर्षी पारंपरिक बुद्धिबळाचा विश्वविजेता झाला, आणि त्याचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्न यांनी त्याला रेटिंग 2500 च्या आसपास जाईपर्यंत इंजिन, म्हणजे खेळ्या सुचवणारा संगणक प्रोग्रॅमसुद्धा वापरू दिला नव्हता. आधी डोळ्यांनी बघ, डोक्याने मोजत जा, हाच त्यामागचा आग्रह.

तुम्ही नोकरी करता आणि रात्रीचा तासभरच मिळतो असं लिहिलंय. त्या तासात एकच डाव खेळा, 15 मिनिटं आणि 10 सेकंद जादा. तो पस्तीस-चाळीस मिनिटांत संपतो. उरलेल्या वेळात तोच डाव खऱ्या पटावर मांडा, फोनवर नको. कुठे गडबडलात ते आधी स्वतः शोधा आणि वहीत एका ओळीत लिहा, ‘त्याच्या उंटाची तिरकी रेघ बघितली नाही’ इतकं साधं. इंजिन त्यानंतर उघडा. आधी उघडलंत तर ते उत्तर सांगेल, पण तुम्ही काय बघायला विसरता हे त्याला सांगता येत नाही. महिनाभराने वही चाळली की एकच चूक सात-आठ वेळा लिहिलेली दिसेल. माझ्या वहीत ‘हत्ती मागे घेतला’ नऊ वेळा होतं.

ब्लिट्झ शनिवारी खेळा, चार-पाच डाव, तीन मिनिटं आणि 2 सेकंदांचे. ते दोन सेकंद असले की निदान जिंकलेला डाव निव्वळ घड्याळावर जात नाही. लागोपाठ दोन हरलात तर तिथेच उठा, कारण तिसरा डाव आपण बुद्धिबळ म्हणून खेळत नाही, रेटिंग परत मिळवायला खेळतो. जिंकलेल्या डावांपैकी एक तरी त्याच रात्री पुन्हा बघा, त्यातली अशी एखादी खेळी शोधायला जी खरं तर हरायला हवी होती. हरलेला डाव सगळेच उघडून बघतात. शिक्के मारले जातात ते जिंकलेल्या डावांत.