गुडघ्याला विचारून वाट ठरवा

प्रश्न : आम्ही डोंबिवलीचे. मी ४७ वर्षांचा, पत्नी ४४, मुलगी नववीत, शिवाय धाकटा मेव्हणा. गेल्या दोन वर्षांत राजमाची आणि कळसूबाई केलं, म्हणजे अगदीच नवखे नाही. आता डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी रतनगड करायचं म्हणतोय. पहाटेच्या कसारा लोकलने निघायचं, पुढे जीपने रतनवाडी, गड चढून त्र्यंबक दरवाजाने साम्रदला उतरायचं, वेळ उरला तर सांदण दरी पाहायची आणि रात्री घरी. पत्नीचा उजवा गुडघा उतरताना दुखतो, चढताना काही होत नाही. एका दिवसात हे सगळं बसेल का?

उत्तर : आधी सांदणवर काट मारा. माझ्या चाळीस वर्षांच्या भटकंतीत ‘वेळ उरला तर’ म्हणून वहीत लिहिलेली एकही गोष्ट उजेडात झालेली नाही.

आता तुमचाच हिशेब तुमच्यापुढे मांडते. कसाऱ्याला उतरून जीप ठरवायची, घोटीला चहा होणारच, मग शेंडी गावावरून भंडारदरा जलाशयाच्या कडेकडेने रतनवाडी. पोचेपर्यंत साडेनऊ-दहा. चढायला तीन तास, गडावर दोन तास, म्हणजे त्र्यंबक दरवाजात उभे राहाल अडीच-तीन वाजता. तिथून साम्रद आणखी तीन तास. डिसेंबरात त्या भागात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि झाडीत त्याच्याही आधी अंधारतं. एक जण बुटाची नाडी बांधायला बसला तरी हा हिशेब कोलमडतो. आणि तुमच्या घरात तो एक जण नाहीच, तिथे दुखरा गुडघा आहे.

ट्रेक बसेल, पण उलटा करा.

त्र्यंबक दरवाजाच्या पायऱ्या मी वर जाताना आणि खाली येताना, दोन्ही वेळा मोजून थकले आहे. कातळातल्या घळीत खोदलेल्या त्या पायऱ्या जिन्यासारख्या नाहीत. काही तर गुडघाभर उंच, मधल्या काही मातीने भरून गेलेल्या, कडा झिजलेल्या. चढताना हात टेकायचा, गुडघा वर घ्यायचा, ढकलायचं, बस्स. उतरताना मात्र प्रत्येक पायरीला सगळं अंग एका पायावर सोडावं लागतं, आणि तो पाय नेमका उजवा निघतो. माझा डावा निघायचा. निवृत्तीनंतर गुडघे बोलू लागले तेव्हापासून मी ती वाट फक्त चढायला वापरते. वहिनींना चढताना त्रास नाही असं तुम्ही लिहिलंय, मग कठीण ते चढून घ्या आणि उतरायला रतनवाडीची मळलेली वाट ठेवा.

दुसरं कारण सावलीचं. सकाळी साम्रदची बाजू गडाच्या पडछायेत असते आणि दुपारनंतर रतनवाडीची. उलटं गेलात तर दोन्ही वेळा सावलीत चालाल आणि पाणीही कमी लागेल.

तिसरं कारण सांगायला जरा लाज वाटते, कारण मी शाळेत भूगोल शिकवायचे. रतनवाडीहून चढताना वाट प्रवरेच्या पात्राला धरून जंगलात शिरते आणि पुढे एका ठिकाणी फुटते : एक कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे जाते, दुसरी रतनगडावर चढते. मी आणि माझ्या दोन सहशिक्षिका गप्पांच्या नादात तो फाटा सोडून तासभर पुढे गेलो होतो. गडाच्या लोखंडी शिड्या कशा येईनात म्हणून एकीने विचारलं, तेव्हा मी तिला उतारावरच्या वनस्पतींबद्दल काहीतरी सांगत होते. मोळी घेऊन येणाऱ्या एका बाईंनी आम्हाला थांबवलं. ‘कात्राबाईला चालल्या का बाई?’ मी ठामपणे म्हटलं, ‘नाही, रतनगडावर.’ त्यांनी मोळी खाली ठेवली, आमच्या डोक्यावरून बोट दाखवलं आणि म्हणाल्या, ‘त्यो तिकडं राह्यला.’ रतनगड आमच्या पाठीमागे होता. त्या दिवशी आम्ही गडावर गेलोच नाही, रतनवाडीतल्या अमृतेश्वराच्या देवळात बसून डबे खाल्ले. आता उतरताना बघा, तोच फाटा पुढून येऊन तुमच्या वाटेला मिळतो. चुकायला जागा राहत नाही.

फाट्यांचा खरा गोंधळ साम्रदच्या बाजूला आहे. गुरांच्या वाटा ठिकठिकाणी मुख्य वाटेला छेदतात, रान दाट आहे, फोनला रेंज नसते. त्यामुळे साम्रदमधला वाटाड्या त्र्यंबक दरवाजापर्यंत बरोबर घ्याच. पैसे आदल्या रात्रीच ठरवा, घासाघीस करू नका. तुमच्या चौघांच्या हॉटेलातल्या एका जेवणाहून जास्त होणार नाहीत.

म्हणजे शनिवारी दुपारीच निघायचं. तुम्हाला एकाच दिवसाची रजा आहे असं तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून हे हक्काने सांगते. संध्याकाळच्या आत साम्रदला पोचलात तर सांदणच्या तोंडाशी जाऊन पहिल्या पाण्यापर्यंत बघून या. तुमची खोडलेली सांदण अशी परत मिळाली. रात्री गावातच राहा. बऱ्याच घरांतून सोय होते. पिठलं, भात आणि चुलीवरची भाकरी मिळेल. थंडी मात्र मुंबईकरांच्या कल्पनेबाहेरची असते, कानटोपी विसरू नका. लेकीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती रात्रभर तुमची शाल ओढेल.

रविवारी साडेसहाला चालायला लागा. रमतगमत गेलात तरी दहाच्या आसपास त्र्यंबक दरवाजात असाल. वाटेत डोक्यावर खुट्टा नावाचा सुळका दिसत राहतो, फोटो तिथे काढा आणि नंतर पायऱ्यांवर फोन खिशात. वर नेढं आहे. कड्याला आरपार पडलेलं हे भोक एवढं मोठं आहे की तुम्ही चौघं आणि अजून दहा जण त्यात आरामात बसाल. वारा असा येतो की टोपी हातात धरावी लागते. एका बाजूला कळसूबाई, अलंग-मदन-कुलंग आणि भंडारदऱ्याचं पाणी, दुसरीकडे कोकणात तुटलेले कडे. मुलीला तिथे अर्धा तास द्या. तिला काही समजावू नका, मी तीस वर्षं पोरांना समजावलं, माझ्याकडे कोणी बघत नव्हतं, सगळे दरीकडे बघत होते.

एक गोष्ट मात्र तिथे गंभीरपणे. कड्यांना आग्या मोहोळं असतात. त्या दिवशी कोणीही अत्तर, डिओ लावायचा नाही, मेव्हणे सिगारेट ओढत असतील तर पाकीट घरी. माश्या उठल्याच तर हात झटकायचे नाहीत. डोकं-तोंड झाकून तिथून निघायचं.

जेवण गडाच्या गुहेपाशी. दशम्या, लसणाची चटणी, काकडी, गुळाची ढेप. पुरणपोळी नको, खाल्ली की झोप येते. गडावर टाकी आहेत पण त्यांच्या भरवशावर जाऊ नका, प्रत्येकी तीन लिटर पाणी आपलं आपण न्या. डबा उघडा ठेवून फोटो काढायला गेलात तर माकडं तुमच्या आधी जेवतील.

आणि एक वाजता निघा. बाराला पोचलात तरी एकला, साडेबाराला पोचलात तरी एकला. मेव्हण्यांनी गडावरचा राणीचा हुडा हा बुरूज पाहिलेला नसला तरीही एकलाच. गणेश दरवाजाखाली लोखंडी शिड्या आहेत, त्या घरातल्या शिडीसारख्या कड्याकडे तोंड करून उतरायच्या. एका वेळी एकानेच, वहिनींच्या आधी तुम्ही. पुढे जंगलातला उतार लांब असला तरी गुडघ्याला मानवणारा आहे. दोन काठ्या घ्या, बांबूच्याही चालतील. चार-साडेचारला रतनवाडीत. जीपवाल्याला सकाळी साम्रदहून तिकडेच यायला सांगून ठेवा.

तारीख मात्र बदला. नाताळ ते ३१ डिसेंबर हा आठवडा मी गडांवर जात नाही. शिड्यांखाली तासभर रांग लागते आणि कोणीतरी स्पीकर आणतंच. जानेवारीचा दुसरा रविवार धरा, थंडी तीच, गर्दी निम्मी. हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, नाक्यावर पावती फाडावी लागेल, ती खिशात जपून ठेवा.

गड १२९७ मीटर उंच, चढ पाचशे मीटरहून थोडा जास्त. कळसूबाई केलेल्या माणसांना तो जड नाही. डिसेंबरात दोन रविवार घराजवळच्या एखाद्या टेकडीवर वहिनींना घेऊन जा आणि चढू नका, फक्त उतरून बघा. म्हणजे टेकडीवर रिक्षाने जायचं आणि पायी उतरायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजलेला असेल तर रतनगड पुढच्या वर्षी, आधी डॉक्टर.

प्रश्न : माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. शाळेच्या ग्रुपबरोबर पाचनईमार्गे हरिश्चंद्रगडाला जायचंय आणि नेमकी त्याच तारखांना तिची पाळी येते. न पाठवणं बरं का? (एक आई, सातारा)

उत्तर : तिला विचारलंत का? तिला जायचं असेल आणि एरवी त्या दिवसांत ती शाळेत जात असेल तर पाठवा. पाचनईची वाट गडावर जाण्याच्या वाटांमध्ये सर्वांत सोपी, दोन-अडीच तासांची. गडद रंगाची सैल पँट, एक जादा जोड, आणि पॅड नेहमीपेक्षा दुप्पट, कारण मैत्रिणीलाही लागू शकतात. वापरलेलं पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून झिपच्या पिशवीत घालून खाली आणायचं, झाडामागे टाकायचं नाही. पोटात दुखत असेल तर तिच्या नेहमीच्या गोळीची पट्टी तिच्याच खिशात द्या, शिक्षकांच्या सॅकमध्ये नको, मुली मागायला लाजतात. बरोबर जाणाऱ्या बाईंना तुम्ही स्वतः फोन करून सांगा. बरोबर एकही बाई जाणार नसेल, तर मात्र शाळेला तेवढं जरूर विचारा.