जर्मन शाळेत निघालेल्या भाचीस

प्रिय पोरी,

जर्मन शाळेत इंग्रजीची सहायक म्हणून तुझी नेमणूक झाल्याचं तुझ्या आईने फोनवर सांगितलं. बर्लिन मिळालं नाही म्हणून तू खट्टू आहेस, हेही कळलं. मला मात्र आनंद झाला. बर्लिनमध्ये कॅफेतला पोऱ्यासुद्धा तुझ्याशी इंग्रजीतच बोलला असता. नॉर्डराइन-वेस्टफालेनमधल्या छोट्या गावात बेकरीवाली तुला जर्मन बोलायला लावेल. मी याच राज्यातल्या गिम्नाझियममध्ये, म्हणजे विद्यापीठाची तयारी करून घेणाऱ्या माध्यमिक शाळेत, इंग्रजी शिकवते, तुझ्यासारखे बरेच सहायक आमच्याकडे येऊन गेलेत, म्हणून चार गोष्टी हक्काने सांगते.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते, तिला आनमेल्डुंग म्हणतात. तिच्यासाठी घरमालकाच्या सहीचा दाखला लागतो. तो खोली ठरवतानाच मागून घे, नंतर मालक सापडत नाहीत. ब्रेक्झिटनंतर तुमच्या ब्रिटिश पासपोर्टवर राहण्याचा परवानाही काढावा लागतो. त्याच्या मागे पहिल्या आठवड्यापासूनच लाग.

आता शाळा. आठवड्याला बारा तास, प्रत्येक 45 मिनिटांचा. ऐकायला हे काहीच नाही. पण पहिला तास आठच्या आसपास सुरू होतो आणि दोन तासांच्या मधे मोकळा वेळ पडला की अख्खा दिवस शाळेतच जातो. सकाळी आल्या आल्या फेरट्रेटुंग्सप्लान, म्हणजे बदली तासांचा तक्ता, बघायचा. तुझे शिक्षक आजारी असतील तर तिथेच कळतं. शिक्षकखोलीत रिकामी खुर्ची दिसली म्हणून लगेच बसू नकोस, कुणाची जागा आहे का ते विचार. वाढदिवसाला केक ज्याचा वाढदिवस त्यानेच आणायचा असतो. तू रव्याचा केक ने, हातोहात संपेल.

तुला सगळ्यात जास्त त्रास देईल ती नववीच्या वर्गातली शांतता. तू उत्साहाने प्रश्न विचारशील आणि सव्वीस मुलं फळ्याकडे बघत बसतील. त्यांना इंग्रजी येत नाही असं मुळीच समजू नकोस. आमच्या राज्यात वर्गातल्या सहभागाला लेखी परीक्षांइतकंच वजन असतं. 1 सर्वांत चांगली श्रेणी, 6 सर्वांत वाईट. शिक्षिकेसमोर तोंडातून निघालेलं प्रत्येक वाक्य कुठेतरी मोजलं जातंय, असं त्या मुलांना सतत वाटत असतं. तुला श्रेणी द्यायचा अधिकार नाही, आणि हीच तुझी खरी ताकद आहे. ती जप. शिक्षिकेने ‘कोण कसं बोललं?’ म्हणून विचारलं, तर विषय सांग, नावं सांगू नकोस.

शिक्षिकेला विचारून चार-पाच मुलांना शेजारच्या खोलीत घेऊन जा. त्यांना येतं आणि तुला खरंच येत नाही, असं काहीतरी विचार. कचऱ्याचंच घे. पिवळ्या पिशवीत काय टाकायचं, दह्याच्या डब्याचं झाकण वेगळं का काढायचं, काचेच्या बाटल्या पांढऱ्या, हिरव्या आणि तपकिरी अशा वेगळ्या का, रविवारी त्या टाकल्या तर शेजारी का चिडतात. एरवी घुमी बसणारी पोरगी दुसरीला मधेच तोडून ‘नो, नो, दॅट इज राँग’ म्हणते, तेव्हा तिला व्याकरणाची आठवणही नसते. त्या क्षणी चूक दुरुस्त करू नकोस. तिचं बोलून होऊ दे.

‘खरी कुठली?’ हा प्रश्न तुला मुलं आणि मोठी माणसंही विचारतील. बर्मिंगहॅमची, आईवडील साताऱ्याचे, एवढं सरळ सांग. पुढचं किती सांगायचं ते तुझ्या मनावर. पण ब्रिटिश लोक कसे दिसतात याचं त्यांच्या मनातलं चित्र तुझ्यामुळे थोडं खरं होईल, याचं मला फार मोल वाटतं.

नोव्हेंबरात पाचच्या सुमारास अंधारतं आणि सहकारी आपापल्या घरी जातात. ते कोरडे वाटतील, पण बोलावणं ठरवून करण्याची इथे रीत आहे. तू गावातल्या गायकवृंदात किंवा टुर्नफेराइनमध्ये, म्हणजे व्यायाम मंडळात, सप्टेंबरातच नाव घाल. दर मंगळवारी तीच माणसं भेटली की महिन्याभरात कुणीतरी जेवायला बोलावतं.

ऑक्टोबरात दोन आठवडे शरदाची सुट्टी असते. पहिला आठवडा गावातच राहा, दुसऱ्या आठवड्यात माझ्याकडे ये. डॉइशलँडटिकिट, म्हणजे देशभर लोकल गाड्यांना चालणारा महिन्याचा पास, काढलंस तर लोकल गाड्यांनीच पोहोचशील.

तुझी,
मावशी