घरमालकाच्या सूचनेत १,८०० लेजिओनेला: शॉवर, आई-बाबा आणि घरमालकाला विचारायचे प्रश्न

जिन्यातल्या सूचनेवर १०० मिलिलिटर पाण्यात १,८०० लेजिओनेला (पाण्याच्या नळयंत्रणेत वाढणारे जंतू) असं लिहिलंय, पुढच्या आठवड्यात भारतातून आई-बाबा येताहेत, मग हे पाणी वापरायचं का, असं तुम्ही विचारलंय. मी जर्मनीतच इमारतींच्या नळयंत्रणांचं काम करते, म्हणून सविस्तर लिहिते.

हा जंतू त्रास देतो तो श्वासातून. शॉवरचे बारीक तुषार फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होऊ शकतो. पाणी पिणं, भाजी धुणं, भांडी घासणं चालू ठेवा. इथल्या नियमाप्रमाणे १०० मिलिलिटरमध्ये १०० जंतू आढळले की आरोग्य खात्याला कळवून कारण शोधावंच लागतं, १,००० च्या वर पातळी ‘जास्त’ धरतात आणि १०,००० च्या वर शॉवर लगेच बंद करायला लावतात. तुमच्याकडे बंदीची वेळ आलेली नाही. तरी पन्नाशी ओलांडलेल्यांना, सिगारेट ओढणाऱ्यांना, दमा किंवा मधुमेह असणाऱ्यांना धोका जास्त असतो, त्यामुळे आई-बाबांना सध्या शॉवर देऊ नका. बादली नळाच्या अगदी जवळ धरून पाणी हळू सोडा आणि तांब्याने अंघोळ करू दे. त्यात तुषार फारच कमी उडतात.

आता घरमालकाला विचारा, १,८०० हा आकडा कुठल्या नळाचा? नमुने तीन प्रकारच्या जागी घेतात: बॉयलरमधून पाणी निघतं तिथे, इमारतीत फिरून बॉयलरकडे परत येतं तिथे आणि प्रत्येक उभ्या पाइपावरच्या सगळ्यात लांबच्या नळावर. सगळीकडे आकडा चढा असेल तर बहुधा बॉयलरचं तापमानच कमी आहे. वीज-गॅस वाचवायला ते ५० वर आणून ठेवलेलं मी अनेकदा पाहिलंय. बाहेर पडताना ६० अंश आणि परत येताना निदान ५५ हवं, कारण २५ ते ४५ अंशांत हा जंतू जोमाने वाढतो. एकाच पाइपावर आकडा चढा असेल तर दोष तिथेच शोधायला हवा. बरेचदा जुन्या, बंद केलेल्या बाथरूमचा पाइप भिंतीत तसाच सोडलेला असतो आणि त्यात पाणी साचून राहतं. तो कापून काढल्याशिवाय नुसतं क्लोरीन मारून भागत नाही. पाइपाच्या आतल्या बुळबुळीत थरात जंतू टिकून राहतात आणि आकडा पुन्हा वर जातो.

घरी एवढं नक्की तपासा: गरम नळ सोडा, पहिलं तीन लिटर पाणी बादलीत काढा, मग पेल्यात स्वयंपाकाचा थर्मामीटर धरा. ५५ च्या आसपास यायला हवं. आलं नाही तर ते तापमान तारखेसकट घरमालकाला लेखी कळवा. जंतूंची चाचणी मात्र मान्यताप्राप्त प्रयोगशाळेनेच करायची असते. त्यांचा माणूस नळाची जाळी काढतो, तोंड निर्जंतुक करतो, लिटरभर पाणी सोडून देतो आणि मगच बाटली भरतो. जंतू वाढवून मोजायचे असल्याने निकालाला साधारण दहा दिवस लागतात. दुरुस्तीनंतरची फेरचाचणीही मागून घ्या.

महिनाभर भारतात जाऊन आलात की शॉवरचं डोकं काढून नळी बादलीत सोडा, खिडकी उघडा आणि गरम पाणी पूर्ण कढत होईपर्यंत, मग थंड पाणीही, वाहू द्या.

आणि हे पाणी वापरल्यावर दोन आठवड्यांत कुणाला जोराचा ताप-खोकला आला तर डॉक्टरांना १,८०० लेजिओनेलाचा हा आकडा आपणहून सांगा. लघवीच्या तपासणीत या जंतूचा सगळ्यात नेहमीचा प्रकार लवकर कळतो. पेनिसिलिनसारखी औषधं यावर चालत नाहीत, त्यामुळे ही माहिती त्यांना पहिल्याच भेटीत मिळायला हवी.